परवाना कोणाच्या हाती?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका हुकुमावर सही केली आणि मुंबई-पुण्यातील असंख्य घरांची झोप उडाली. एच-१बी या नावाने सर्वांस परिचित असलेला कामाचा परवाना परदेशी माणसासाठी नव्याने मागणाऱ्या मालकाने एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरले पाहिजेत असा तो हुकूम होता. तो अमलात यावयास पुरते दोन दिवसही नव्हते. हे शुल्क दरसाल द्यावे लागेल असे व्यापारमंत्र्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी ते एकदाच द्यावयाचे आहे असा खुलासा अध्यक्षांच्या कचेरीने केला. दरम्यान बड्या कंपन्यांनी परदेशी गेलेल्या आपल्या नोकरांना असाल तेथून तत्काळ परत या असे कळविले. २१ तारखेस, म्हणजे आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, हुकूम लागू झाला. पितृपंधरवडा संपून दुसऱ्या दिवशी घट बसावयाचे, सणासाठी मुले घरी यावयाची किंवा आलेली, अशा वेळी कोणी विमानातून उतरावे आणि कोणी आल्या पावली परत फिरावे, याचाच विचार कुटुंबे करीत बसली. पुढे आधीच परवाना असलेल्यांना आणि अमेरिकेत राहूनच दर्जा बदलून घेणाऱ्यांना शुल्क नाही असे स्पष्ट झाले, तेव्हा कोठे लोकांच्या जिवात जीव आला. हुकूम बारा महिन्यांच्या मुदतीचा होता. परंतु त्या दोन दिवसांत जे उघडे पडले त्यास कसलीच मुदत नाही, आणि म्हणूनच त्याचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

या हुकुमावर आपल्याकडे जी चर्चा झाली तिचे दोन पक्ष होते. एका पक्षाचे म्हणणे असे की, ही निव्वळ खंडणी असून भारतीय बुद्धिमत्तेचा हा अपमान आहे. दुसऱ्या पक्षाला याच बातमीने उकळ्या फुटल्या. बरे झाले, आता तरी आपली हुशार मुले मायदेशी राहतील, असे त्याने टाळ्या पिटून सांगितले. आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्नास बगल देत आहेत. पहिल्याची सारी दृष्टी परवान्यांच्या संख्येवर खिळलेली आहे. दुसऱ्याला असे वाटते की माणसास कोंडून ठेवले म्हणजे तो देशाच्या कामी येतो. परवाने किती निघतात आणि ते केवढ्यास पडतात हे प्रश्न गौण नाहीत. परंतु त्यांच्याही आधीचा प्रश्न हा की, परवाना हातात आल्यावर तो कोणाचा असतो? काम करणाऱ्याचा, की त्याला काम देणाऱ्याचा? या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या माणसाचा पगार, त्याची प्रतिष्ठा, त्याच्या बायकामुलांचे स्थैर्य आणि यजमान देशातील कामगाराचे हितही अवलंबून असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेच्या व्यवस्थेची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. एच-१बी हा वर्ग १९९० च्या कायद्याने आजच्या स्वरूपात आला आणि त्यास वर्षास ६५ हजारांची मर्यादा घालण्यात आली. संगणक उद्योगाच्या भरभराटीच्या काळात ती वाढवून १ लाख ९५ हजारांपर्यंत नेली गेली. २००४ च्या सरकारी वर्षापासून ती पुन्हा ६५ हजारांवर आली. अमेरिकन विद्यापीठांची वरची पदवी घेणाऱ्यांसाठी २० हजार जागा तेवढ्या नंतर वाढविण्यात आल्या. मागणी फार आणि जागा थोड्या, म्हणून वर्षानुवर्षे सोडती निघाल्या. अधिक पगाराच्या अर्जास निवडीत अधिक संधी देणारा नियम डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. २०२३ आणि २०२४ या दोन्ही सरकारी वर्षांत मंजूर झालेल्या अर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक अर्ज भारतीयांचे होते. म्हणजे नाव अमेरिकेच्या कायद्याचे असले तरी त्याचा चटका बसतो तो मुख्यत्वे आपल्या घरांना.

या सर्व व्यवहारात अर्जदार कोण असतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अर्ज मालकाचा असतो. ज्याच्यासाठी तो केला जातो तो माणूस त्या कागदात केवळ उल्लेखिलेला असतो. परवाना तीन वर्षांचा, फार तर सहा वर्षांपर्यंत वाढणारा. नोकरी बदलावयाची तर दुसऱ्या मालकाने त्याच्यासाठी नव्याने अर्ज केला पाहिजे. ही सवलत २००० च्या कायद्याने थोडी सोपी केली हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यातही एका मालकाचा हात सोडण्यापूर्वी दुसऱ्याचा धरावा लागतोच. नोकरी गेली, तर नवा मालक शोधावयास अथवा देश सोडावयास साठ दिवस मिळतात. ज्या माणसाने तेथे घर घेतले, ज्याची मुले तेथील शाळेत दुसरी-तिसरीत आहेत, ज्याने वीस-पंचवीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतले, त्याने साठ दिवसांत नोकरी मिळवावी किंवा संसार आवरून विमानात बसावे!

कायमच्या वास्तव्याच्या वाटेवर तर यापेक्षाही कठीण घाट आहे. नोकरीच्या आधारावर दरसाल सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात, आणि त्यांत अर्जदारांच्या बायकामुलांचीही मोजदाद होते. कोणत्याही एका देशाच्या वाट्यास ७ टक्क्यांहून अधिक कार्डे सामान्यतः जाऊ नयेत असा दंडक आहे. या दंडकाचे मूळ १९६५ च्या कायद्यात आहे. वंशावर आधारलेले जुने भेदभाव त्या कायद्याने मोडले, हे त्याचे श्रेय मोठेच. परंतु आइसलँडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला, हे समतेचे गणित आज विषमतेचे झाले आहे. पत्नी, पती व मुले धरून दहा लाखांहून अधिक भारतीय या रांगेत उभे आहेत. सहा वर्षे संपली तरी रांगेत असलेल्यास परवाना वाढवून मिळतो. मात्र तो वाढविणार मालकच. नवा मालक धरला की श्रमखात्याकडील प्रमाणपत्रापासून पुष्कळशी यातायात पुन्हा करावी लागते. परिणाम असा होतो की, मनुष्य बढती नाकारतो, गाव बदलण्याचे टाळतो, वरिष्ठाचे बोलणे गिळतो आणि रांगेतील आपली जागा सांभाळतो. त्याच्या पत्नीस काम करण्याची मुभा २०१५ पासून मिळाली, तीही पतीची फाइल एका ठराविक टप्प्यास पोचल्यावर. येथून गेलेल्या डॉक्टर, वास्तुविशारद आणि प्राध्यापक स्त्रियांनी उमेदीची वर्षे चार भिंतींत काढली, ती याच नियमामुळे. आणि आईबापांबरोबर पाळण्यात असताना गेलेले मूल एकविसाव्या वर्षी त्यांच्या फाइलीतून बाहेर पडते. ज्या देशाखेरीज दुसरा देश त्याने पाहिला नाही, तेथेच ते परके ठरते.

आता २०२५ च्या शुल्काकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. जो अमेरिकेत आहे त्याला ते नाही. जो बाहेर आहे त्याला नव्याने न्यावयाचे तर आहे. याचा व्यवहारी अर्थ काय झाला? नोकरी जाऊन साठ दिवसांत देश सोडावा लागलेल्या माणसास परत बोलवावयाचे, तर नव्या मालकाने एक लाख डॉलर मोजण्याची पाळी यावी. म्हणजे आहे ती नोकरी सोडणे अधिकच धोक्याचे झाले. परदेशी कामगारांच्या स्वस्ताईपासून अमेरिकन कामगारास वाचविण्याकरिता ज्याचा बडेजाव केला गेला, त्या उपायाने परदेशी कामगार मालकाच्या दावणीस अधिक घट्ट बांधला गेला.

अमेरिकन कामगाराची तक्रार सर्वस्वी खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. २०१५ साली फ्लोरिडातील एका विख्यात करमणूक-कंपनीने आपल्या संगणक विभागातील सुमारे अडीचशे लोकांस कमी केले, आणि जाण्यापूर्वी त्यांच्या जागी येणाऱ्या परदेशी माणसांना कामाची शिकवण त्यांनाच द्यावयास लावली. तेथे केवढा क्षोभ झाला हे जगाने पाहिले. आपल्या नोकरीची सूत्रे बदलीवर आलेल्या माणसाच्या हाती स्वतःच द्यावी लागावीत, या अपमानाची धार आपल्या गिरणगावाने चांगली ओळखली असती. मनुष्यबळ पुरविणाऱ्या कित्येक कंपन्यांनी, त्यांत भारतीय कंपन्याही आल्या, या परवान्याचा पुष्कळ फायदा उठविला हेही लपविण्यात अर्थ नाही. पण रोगाचे निदान तरी नीट व्हावे. परदेशी मनुष्य स्वस्त पडतो याचे कारण त्याचे जन्मस्थान खचित नव्हे. तो सोडून जाऊ शकत नाही म्हणून स्वस्त पडतो. ज्याला उद्या राजीनामा देऊन समोरच्या कचेरीत रुजू होता येते, त्याला कोणताही मालक बाजारभावाहून कमी पगार फार दिवस देऊ शकत नाही. तेव्हा परवाना कामगाराच्या हाती देणे हाच त्याच्याशेजारी बसणाऱ्या अमेरिकन माणसाच्या पगारालाही खरा आधार आहे. दोघांचे हित येथे एकच आहे, आणि राजकारणी लोक त्यांना एकमेकांवर घालीत आहेत.

हे केवळ पुस्तकी तर्कट नाही. जर्मनीने या धड्याची किंमत मोजून तो शिकून घेतला आहे. २००० साली चान्सलर श्रोडर यांच्या सरकारने संगणक तज्ज्ञांसाठी एक योजना काढली. वीस हजारांपर्यंत परवाने, विद्यापीठाची पदवी किंवा वर्षास एक लाख मार्क पगार, आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचे वास्तव्य! त्या वेळी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांताच्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे पुढारी र्‍यूटगर्स यांच्या प्रचारातून ‘भारतीय नकोत, आपली मुले हवीत’ अशा अर्थाची घोषणा गाजली. ती निवडणूक त्यांचा पक्ष हरला. परंतु भारतीय तरुणांनी जे समजावयाचे ते समजून घेतले. पाच वर्षांनी निघून जा असे आधीच सांगणाऱ्या यजमानाच्या घरी पाहुणा उत्साहाने जात नाही. २००४ अखेर योजना संपली तेव्हा सुमारे १८ हजारच परवाने दिले गेले होते. हुशार मुले ज्या वर्षांत कॅलिफोर्नियाची वाट धरीत होती, त्याच वर्षांत जर्मनीच्या जागा रिकाम्या राहिल्या.

यानंतर त्या देशाने हळूहळू धोरण पालटले. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार ‘ब्लू कार्ड’ हा परवाना जर्मनीत २०१२ पासून मिळू लागला. २०२० चा कुशल स्थलांतराचा कायदा आणि त्याच्या २०२३ मधील सुधारणा यांनी तो अधिक मोकळा केला. मान्य पदवी असावी, पदवीस साजेशी नोकरी असावी आणि पगार ठराविक मर्यादेच्या वर असावा, एवढ्या मुख्य अटी. ही पगाराची मर्यादा निवृत्तिवेतनाच्या वर्गणीसाठी जी कमाल रक्कम ठरते तिच्या निम्मी असते. ज्या व्यवसायांत माणसांचा तुटवडा आहे तेथे व नुकत्याच पदवी घेतलेल्यांस ती आणखी कमी. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर सरकारी कचेरी ती तपासू शकते. त्यानंतर मनुष्य आपला मुखत्यार. साधी जर्मन भाषा येत असेल तर सत्तावीस महिन्यांत, आणि बऱ्यापैकी येत असेल तर एकवीस महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. पती किंवा पत्नीस येतानाच भाषेची परीक्षा नाही, आणि आल्या दिवसापासून काम करण्याची मुभा आहे. २०२४ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी सामान्यतः आठऐवजी पाच वर्षे पुरेशी ठरविली. आज ब्लू कार्ड घेऊन जर्मनीत राहणाऱ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. आणि ज्या देशात एके काळी आपल्याविरुद्ध घोषणा झाल्या, त्याच देशाने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षास द्यावयाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले.

जर्मनी म्हणजे नंदनवन, असा आमचा दावा नाही. तेथील परदेशी नागरिकांच्या कचेऱ्यांत तारीख मिळविणे हे आपल्याकडील तहसील कचेरीची आठवण करून देणारे काम आहे. भाषा आल्यावाचून शेजार मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी पक्षास सुमारे २१ टक्के मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि विशेष प्रगती दाखविणाऱ्यांस तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची सवलत त्याच वर्षी काढून घेण्यात आली. वाऱ्याची दिशा तेथेही पालटू शकते. पण लोकमताचा वारा फिरला तरी ज्याच्या हाती स्वतःच्या नावाचा कायम परवाना आहे त्याला साठ दिवसांत सामान बांधावे लागत नाही, हा फरक सामान्य नव्हे. फार काय, परदेशी मजुरास मालकाच्या मुठीत ठेवण्याबद्दल ज्या आखाती देशांची अपकीर्ती आहे, त्यांपैकी कतारने २०२० साली नोकरी बदलताना जुन्या मालकाचे संमतिपत्र आणण्याची सक्ती कायद्यातून काढून टाकली. तो कायदा प्रत्यक्षात कितपत पाळला जातो यावर टीका होत आली आहे. परंतु जे तत्त्व निदान कागदावर तरी कतारने मान्य केले, ते लोकशाहीचा टेंभा मिरविणाऱ्या अमेरिकेने पुरतेपणी मान्य करू नये, ही विसंगती लपणारी नाही.

परंतु दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविताना आपल्या डोळ्यातील मुसळाचाही विचार केला पाहिजे. भारतात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी तज्ज्ञाला आपण कसे वागवितो? आपल्या गृहखात्याच्या नियमांप्रमाणे नोकरीचा व्हिसा मिळावयास वर्षास किमान सव्वासोळा लाख रुपये पगार असावा लागतो. परदेशी पद्धतीचे पदार्थ करणारे स्वयंपाकी, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक व दुभाषे आणि वकिलातींचे नोकर एवढ्यांनाच यातून सूट. पगाराची मर्यादा असावी याबद्दल आमचा वाद नाही. ज्या कामास येथील माणसे पुरेशी आहेत त्यासाठी बाहेरून माणूस आणू नये, हेही योग्यच. पण येथे आलेल्या त्या तज्ज्ञाला देशात राहून मालक बदलावयाची परवानगी सामान्यतः नाहीच. एका कंपनीतून तिच्याच पोटकंपनीत जावयाचे असेल तेवढाच अपवाद, तोही गृहखात्याच्या संमतीने. त्याच्या पत्नीस आश्रित म्हणून राहता येते, काम करता येत नाही. कायम वास्तव्याची जी योजना आपण २०१६ मध्ये काढली ती दहा कोटी किंवा पंचवीस कोटी रुपये गुंतविणाऱ्या धनिकांसाठी आहे. बुद्धी घेऊन येणाऱ्यासाठी तशी वाट नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधी नवा कायदा अमलात आला. १९२०, १९३९ आणि १९४६ या परक्या राजवटीच्या काळातील तीन कायदे, आणि २००० सालचा आणखी एक, त्याने मोडीत काढले. जुनी इमारत पाडून नवी बांधताना खिडक्या वाढविण्याची संधी असते. ती आपण घेतली नाही.

याचा परिणाम आपल्या वाटाघाटींवर होतो, हे आम्ही राज्यकर्त्यांच्या निदर्शनास आणू इच्छितो. आजवर आपले मुत्सद्दी परदेशांशी बोलताना आकडा मागत आले. इतके व्हिसा द्या, तितके द्या! आकडा वाढला की वर्तमानपत्रांत मथळा येतो आणि सर्वांस समाधान वाटते. परंतु साठ दिवसांची टांगती तलवार असलेले दहा हजार परवाने अधिक मिळविण्यापेक्षा, आहेत त्या परवान्यांची मुदत सहा महिन्यांनी सुरक्षित करून घेणे अधिक मोलाचे आहे. आमच्या मते भारताने यापुढे कलमे मागावीत. नोकरी गेल्यास दुसरी शोधण्यास किमान सहा महिने मिळावेत. दोन वर्षांच्या प्रामाणिक नोकरीनंतर परवाना कामगाराच्या स्वतःच्या नावे व्हावा. पती-पत्नीस आल्या दिवसापासून कामाचा हक्क असावा. मुलाचे वय अर्ज केल्या तारखेचे धरावे. आणि सामाजिक विम्याच्या वर्गणीचा हिशोब व्हावा. हे शेवटचे कलम क्षुल्लक नाही. अमेरिकेत पगाराच्या ६.२ टक्के रक्कम निवृत्तिवेतनाच्या निधीसाठी कामगाराकडून कापली जाते आणि तेवढीच मालक भरतो. मात्र किमान दहा वर्षे वर्गणी भरल्याखेरीज त्यावर हक्क मिळत नाही. सहा वर्षांनी परतणाऱ्याची ती रक्कम तिकडेच राहते. जर्मनीशी आपण असा करार केला असून तो मे २०१७ पासून लागू आहे. अमेरिकेशी मात्र वर्षानुवर्षे मागणी करूनही तो झालेला नाही.

हे सारे अमेरिका आपल्या शब्दाखातर देईल, एवढे भोळे आम्ही नाही. तिचे राज्यकर्ते तिच्या मतदारांस जबाबदार आहेत. तथापि जर्मनीने जे केले ते भारतावरील प्रेमापोटी केले नाही. तज्ज्ञ मिळेनात, कारखाने अडू लागले, म्हणून केले. चांगला माणूस मिळविण्याची स्पर्धा आता अनेक देशांत आहे, आणि आपल्या तरुणांनीही देश निवडताना पगाराच्या आकड्याबरोबर परवान्यातील अटी वाचावयास शिकले पाहिजे. आपल्या सरकारने स्वतःच्या नियमांत हीच तत्त्वे आधी आणली, तर वाटाघाटीच्या मेजावर त्याचा शब्द अधिक वजनाचा ठरेल. पुण्यात काम करणाऱ्या जपानी किंवा जर्मन अभियंत्यास आपण जो हक्क देत नाही, तोच आपल्या मुलासाठी न्यू जर्सीत कोणत्या तोंडाने मागावयाचा?

राहिला प्रश्न मुले परत येण्याचा. ज्यांना यावयाचे ते जरूर येवोत. त्यांच्या ज्ञानाचा देशास उपयोगच होईल. परंतु परदेशात अपमान झाला म्हणून नाइलाजाने परतलेला माणूस आणि येथे काही करण्यासारखे आहे म्हणून आपण होऊन परतलेला माणूस यांत अंतर आहे. पहिल्याच्या भरवशावर राष्ट्र उभे राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशांतून भारतात येणाऱ्या रकमांपैकी जवळजवळ २८ टक्के अमेरिकेतून आल्या, आणि राज्यांत सर्वाधिक वाटा, सुमारे साडेवीस टक्के, महाराष्ट्राचा होता. दादर, ठाणे, डोंबिवली आणि कोथरूड येथील किती आईबापांचे म्हातारपण या रकमांवर निर्धास्त झाले आहे, हे त्यांचे त्यांस ठाऊक. त्या प्रत्येक रकमेमागे साठ दिवसांच्या अनिश्चिततेत काम करणारा एक मुलगा किंवा मुलगी आहे. त्याच्या वतीने बोलण्याचे सामर्थ्य त्याच्या मालकाला नको आहे, आणि यजमान देशात त्याला मत नाही. बोलावयाचे तर ते त्याच्या मायदेशाच्या सरकारनेच. पुढील करारासाठी दिल्लीचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला जातील तेव्हा व्हिसांच्या आकड्याआधी वर दिलेली पाच कलमे त्यांच्या टिपणात असावीत, आणि त्या आधी गृहखात्याने आपल्याच नियमांतील मालक बदलण्याची बंदी उठवावी, एवढी आमची आग्रहाची मागणी आहे.